तिवराचं माप

मंगळवारी खारफुटीत पाऊल टाकायचं नाही, हा अंपासिबे गावाचा पूर्वजांपासूनचा नेम. त्या दिवशी होड्या वाळूवर उपड्या पडलेल्या असतात, पुरुष चिंचेखाली झोपतात आणि धक्क्यावर चिटपाखरू नसतं. सुआझारा मात्र त्या मंगळवारी सकाळपासून तिसऱ्यांदा धक्क्यावर आली होती.

छपराखाली टोपल्या ओळीनं ठेवल्या होत्या. बावीस घरांच्या बावीस टोपल्या. तिनं एकेकीवरची ओली पानं उचलून आत पाहिलं. रविवारी-सोमवारी बिळांतून आकड्यानं ओढून काढलेले खेकडे नांग्या बांधलेल्या अवस्थेत गप्प पडले होते. मधूनच एखाद्याच्या तोंडाशी फेस बुडबुडायचा. प्रत्येक टोपली वीतभर उचलून तिनं वजनाचा अंदाज घेतला आणि मनात बेरीज केली. दोनशे किलो. फार तर दोनशे पाच.

उद्या बुधवार, म्हणजे कंपनीचा ट्रक. दहा क्रेट, क्रेटमध्ये वीस किलो. माल दोनशे किलोंहून कमी असा लागोपाठ तीनदा निघाला तर ट्रक पुन्हा या रस्त्याला वळणार नाही, असं कंपनीच्या माणसानं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. पंधरवड्यापूर्वी एकशे शहाण्णव भरले. मागच्या बुधवारी एकशे अडुसष्ट. उद्याची तिसरी खेप.

ट्रक बंद झाला की उरणार सेफू. तो सायकलवरून यायचा, मागे दोन हारे बांधून. लहान-मोठं काही बघायचा नाही, पोटाशी अंडी असलेली मादीसुद्धा हसत हसत घ्यायचा, आणि भाव द्यायचा कंपनीच्या एक चतुर्थांश. तीन वर्षांपूर्वीपर्यंत सगळं गाव त्यालाच विकत होतं. भाव कमी म्हणून लोक जास्त पकडत, जास्त पकडले म्हणून खेकडे लहान निघत, आणि लहान निघाले की सेफू भाव आणखी पाडी. शेवटी शेवटी तळहाताएवढा खेकडा निघाला तरी लोक एकमेकांना हाका मारून दाखवायचे. मग ट्रक आला. भाव चांगला, पण पाठ अकरा सेंटिमीटरांहून कमी असलेला खेकडा नको. त्या भावाच्या भरवशावरच गावानं पूर्वजांच्या खांबापुढे रम ओतून शपथ घेतली होती : लहान खेकडा आणि अंड्यांची मादी खाडीत परत. जो शपथ मोडेल त्याच्या गोठ्यातला गोऱ्हा कापायचा. माप सुआझाराच्या हाती दिलं, कारण ती नववीपर्यंत शिकली होती आणि, तोंबोमामाच्या शब्दांत, ‘हिच्याशी कुणी गोड बोललं तरी हिला कळत नाही.’

माप म्हणजे तिवराच्या लाकडाची हातभर फळी, एका टोकाला खाच. खेकड्याची पाठ खाचेत सरकली तर तो लहान. अडकली तर तो क्रेटमध्ये. मत्स्य खात्याच्या बाईंनी दिलेलं प्लास्टिकचं माप पहिल्याच महिन्यात बैलाच्या खुराखाली गेलं, तेव्हा सुआझारानं स्वतः तिवर तोडून, तासून ही फळी केली होती. आता खाचेचा एक दात चिरला होता. उद्याच्याच दिवशी माप मोडायला नको म्हणून तिनं घरून दुसरी फळी आणि कोयता आणला होता.

तिनं जुनी फळी नव्या फळीवर ठेवून कोळशानं खाच आखली. कोयता उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. आखलेलं एकदा ताडून घ्यावं, असं तिला वाटलं. शपथेच्या दिवशी खांबावर अकरा सेंटिमीटरांवर दोन चिरा कोरल्या होत्या, एक वर, एक खाली. त्यानंतर त्यांच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. ती खांबापाशी गेली, चपला काढल्या, गवताची एक काडी दोन चिरांमध्ये धरून नखानं तोडली आणि परत येऊन जुन्या खाचेत बसवली.

काडी बसेना.

तिनं पुन्हा जाऊन दुसरी काडी तोडली. तीही बसेना. खाच करंगळीच्या नखाएवढी कमी भरत होती. आठ मिलिमीटर तरी.

खांब खोटा असणं शक्य नव्हतं. लाकूड वाळतं तेव्हा लांबीत घटत नाही, आडवं आखडतं. खांबावरच्या दोन चिरांमधलं अंतर लांबीच्या दिशेनं होतं. खाच आडवी होती. तिनं तोडलेलं तिवर ओलं होतं, आणि जवळजवळ तीन वर्षं ते तिच्याच हातात, तिच्याच घराच्या आढ्याला टांगून, इतकं हळूहळू आखडत गेलं की रोज पाहणाऱ्या डोळ्याला कळू नये. ओली फळी होडीला लावत नाहीत, हे या गावात सांगावं लागत नाही. होडीची फळी सावलीत वर्षभर वाळवतात. खेकड्याच्या मापाला ते कुणाच्या मनात आलं नाही. तिच्याही नाही.

ती टोपल्यांजवळ बसली. म्हणजे गेलं वर्षभर तरी अकराच्या आतले खेकडे तिच्या खाचेत अडकत होते आणि ती ते पास करत होती. त्यांतल्या माद्यांनी अजून एकदाही अंडी सोडली नसणार. बिळं रिकामी निघतात म्हणून लोक कुरकुरत होते, तेव्हा तिनं दोष दिला होता शेजारच्या गावाला, वादळाला, चोरून पकडणाऱ्यांना.

तिनं एक टोपली उघडून काडीनं दहा खेकडे मोजले. तीन आखूड भरले.

दोनशे पाचातून त्याच प्रमाणात गेले तर उरतील दीडशेच्या आत. आणि जुनी फळी दोरीनं घट्ट बांधली तर उद्याचा दिवस सहज निघेल. फक्त उद्याचा. हा विचार तिच्या मनात आला, आणि तो फार सोपा होता.

तोंबोमामा चिंचेखाली जाळं विणत बसला होता. तो तिच्या आईचा भाऊ, गावातला सगळ्यात जुना होडी बांधणारा. खांबापुढे रम ओतण्याचा मान त्याचा.

“मामा, माप आखडलंय.”

“कुणाचं?”

“खाचेचं. हे बघा.”

त्यानं काडी घेतली, खाचेत घातली, काढली, उलटी करून घातली. मग फळी नाकाशी नेऊन हुंगली, जणू तिचं वय वासावरून कळणार होतं.

“ओल्या लाकडाची केलीस?”

“हो.”

“होडीवाल्याची भाची तू.”

“घाई होती मामा. ट्रक चार दिवसांवर आला होता.”

“घाई.” तो जाळ्याची गाठ मारण्यात गुंतला. ती आवळून झाल्यावर म्हणाला, “खऱ्या मापानं उद्या किती भरतील?”

“दीडशेसुद्धा नाही.”

“आणि या आखडलेल्यानं?”

“दोनशेला पोचतील. कदाचित.”

“मग तू माझ्याकडे कशाला आलीस? मी गप्प बस म्हणावं म्हणून, की बोल म्हणावं म्हणून?”

“मला माहीत नाही.”

“मग मलाही माहीत नाही. पण आता हे दोघांना कळलंय. या गावात दोघांना कळलेली गोष्ट न्याहारीपर्यंत टिकते. त्याच्या आत काय ते ठरव.”

तिनं संध्याकाळी मोडक्या होडीची एक जुनी, हाडासारखी वाळलेली फळी शोधली आणि खांबावरच्या चिरांवरून नवी खाच कापली. बुधवारी सकाळी धक्क्यावर सगळे जमले तेव्हा तिच्या एका हातात जुनं माप होतं, एका हातात नवं. वर्गात उत्तर द्यायला उभं राहावं तसं तिनं सांगितलं : लाकूड ओलं होतं, खाच आखडली, चूक माझी.

आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग झाफी उठला. झाफी तिचा चुलतभाऊ. गेल्या वर्षी अकरा लहान खेकड्यांपायी त्याचा गोऱ्हा कापला गेला होता, आणि तेव्हापासून तो तिला नावानं हाक मारत नसे.

“थांबा, थांबा. मापवाल्या ताई, म्हणजे माझा गोऱ्हा खोट्या मापानं गेला?”

“तुझे खेकडे या आखडलेल्या खाचेतूनसुद्धा सरकले होते, झाफी. ते लहानच होते.”

लोक हसले. झाफीही हसला, पण तोंडातल्या तोंडात.

“आणि तुझा गोऱ्हा?”

“गोठ्यात आहे. शनिवारी घेऊन जा.”

हसणं थांबलं. वेलुना नावाची विधवा, जिची टोपली नेहमी सगळ्यांत जड असे, पुढे येऊन हळू आवाजात म्हणाली, “पोरी, तुझी चूक झाली, तू कबूल केलीस, झालं. आजच्या दिवस जुन्यानंच मोज. ट्रक वाचू दे. पुढच्या खेपेपासून नवं घे. कोण नाही म्हणतंय?”

कुणीच नाही म्हणत नव्हतं. सगळे तिच्याकडे पाहत होते, आणि वेलुना जे बोलली ते सुआझारानं पहाटेपासून स्वतःला निदान वीस वेळा सांगितलं होतं.

“पुढच्या बुधवारी भांगाची भरती आहे, मावशी. पाणी चढत नाही, खेकडे मिळत नाहीत. तेव्हा आजच्यापेक्षाही कमी पडतील. तेव्हाही आपण हेच म्हणू.”

“तेव्हाचं तेव्हा.”

“खाडीत आहे काय आता मोजायला? तुम्हीच सांगा, दोन वर्षांपूर्वी एका बिळासाठी किती चालायचात आणि आता किती चालता?”

तोंबोमामानं मागून खाकरून म्हटलं, “खांबावर रम मी ओतली होती. पुन्हा ओतायला लावू नका. फार महाग झालीये.”

सुआझारा खाली बसली आणि पहिली टोपली पुढे ओढली. नव्या खाचेत पहिलाच खेकडा सुळकन सरकला. वेलुनाची टोपली निम्मी झाली. झाफीच्या टोपलीतले नऊ गेले. शेवटी काटा थांबला तो एकशे अडतीसवर.

ट्रक दहा वाजता आला. कंपनीचा माणूस रासेता उंचावरच्या राजधानीकडचा. चिखलात उतरताना तो नेहमी आधी बुटांकडे पाही. त्यानं क्रेट मोजले, आणि मग तिच्याकडे पाहिलं.

“सात. त्यातलाही शेवटचा अपुरा. बाई, ही तिसरी खेप.”

“माहीत आहे, साहेब.”

“आणि त्या टोपल्यांत काय आहे?”

“लहान आहेत. परत जाणार.”

“इतके?” तो जवळ जाऊन वाकला. “यातले निम्मे मी मागच्या महिन्यात डोळे झाकून नेले असते.”

“नेलेतच. म्हणूनच आता कमी आहेत.” मग, त्यानं पाठ फिरवायच्या आत, तिनं पहाटे पाठ केलेलं बोलून टाकलं. “साहेब, भांगाच्या आठवड्यात नेलेल्यांतले वाटेत किती मरतात?”

“पाचातला एक. कधी जास्त.”

“आणि आत्ताच्यासारखे, उधाणाच्या आठवड्यातले?”

रासेतानं विचार केला. “क्रेटमागे एखादा.”

“भांगात त्यांनी नुकतंच कवच टाकलेलं असतं. आत पोकळ, वर मऊ. ते तुमच्याही कामाचे नाहीत. तुम्ही दर आठवड्याला येऊ नका. उधाणाला तेवढे या, पंधरा दिवसांतून एकदा. मधल्या आठवड्यात आम्ही खाडीत जाणार नाही. तुमचं डिझेल निम्मं होईल, आमचे खेकडे भरतील.”

तिच्या मागे लोक एकदम बोलू लागले. हे तिनं कुणाला विचारलं नव्हतं. एक आठवडा बसून खायचं काय, असं कुणीतरी ओरडलं.

“मी मालक नाही, बाई,” रासेता म्हणाला. “माहाजांगाच्या ऑफिसात जाऊन साहेबांना विचारतो. इथं फोन लागत नाही तुमचा. पुढच्या बुधवारी ट्रक आला नाही तर समजा...” तो थांबला.

“काय समजायचं?”

“तेच तर. हो म्हणाले तरी येणार नाही, आणि नाही म्हणाले तरी येणार नाही.” तो हसला. दुसरं कुणी हसलं नाही.

ट्रक गेल्यावर त्यांनी लहान खेकड्यांच्या नांग्यांना बांधलेल्या पाती कापून ते खाडीत सोडले. झाफी आपले नऊ एकेक करून, मोठ्यानं मोजत सोडत होता, आणि प्रत्येक आकड्यानंतर तिच्याकडे बघत होता.

शनिवारी गोऱ्हा कापला. दंड म्हणून कापलेल्या गोऱ्ह्याचं मांस सगळं गाव खातं आणि पहिला घास ज्याचा दंड त्यानंच घ्यायचा असतो, सगळ्यांसमोर, उभं राहून. सुआझारानं भाताबरोबर तो घास घेतला आणि बराच वेळ चघळत राहिली. वेलुनानं तिच्या हातात भाताचं पाणी दिलं. “गीळ,” ती म्हणाली. “तुझं भांडण माझ्याशी असेल, मांसाशी कशाला?” त्याच जेवणावर, तोंबोमामाच्या शब्दाखातर, भांगाचा एक आठवडा खाडीत न जायचं ठरलं. फक्त एक. बघू या म्हणून.

बुधवार उजाडला. दहा वाजले, अकरा वाजले. रस्त्यावर धूळ नव्हती. लोकांना काही काम नव्हतं, तरी सगळे धक्क्यावर येऊन बसले होते आणि कुणी कुणाला का आलास म्हणून विचारत नव्हतं. दुपारी घंटी वाजली. सायकलची. सेफू दोन रिकामे हारे घेऊन छपराखाली उतरला.

“ट्रक दिसत नाही आज? मोडला की रुसला?”

“आराम करतोय,” तोंबोमामा म्हणाला.

“करू दे, करू दे. म्हातारा झाला असेल. मी आहे ना.” त्यानं सगळ्यांकडे पाहिलं. “आहे का काही कुणाकडे? छोटे असले तरी लाजू नका.”

झाफी उठून त्याच्याकडे गेला. दोघं सायकलपाशी हळू आवाजात बोलत राहिले. सुआझारा आपल्या हाताच्या नखांकडे बघत होती. एकानं विकलं की उद्या पाच जातील, परवा सगळे. थोड्या वेळानं घंटी वाजवत सेफू निघून गेला. झाफी परत आला आणि तिच्या शेजारी, पण दोन हात सोडून, बसला.

“मेल्यानं भाव आणखी उतरवलाय. ट्रक गेला हे त्याला आपल्या आधी कळलं, असं बोलतोय.”

“त्याला काय ठाऊक?”

“काही नाही. पण मला तरी काय ठाऊक? तुला?”

पुढचे पाच दिवस तिनं गणितं केली. ट्रक खरंच गेला असेल तर उधाणात पकडलेला माल किती दिवस जिवंत राहील? ओल्या पानांत तीन, नशीब असेल तर चार. त्यानंतर सोडून द्यायचा की सेफूला द्यायचा? आणि तेव्हा तिचं कोण ऐकेल? रात्री ती उठून दार उघडून बघायची, जणू ट्रक अंगणात येऊन उभा राहणार होता.

उधाणाला सगळे खाडीत उतरले. बिळं भरलेली होती असं म्हणता येणार नाही, पण दोन आठवड्यांनी हात घालताना आत कुणीतरी होतं. खेकडे जड होते, कवच दगडासारखं. बुधवारी सकाळी नव्या खाचेतून मोजून काट्यावर चढवले तेव्हा दोनशे एकतीस भरले. वेलुनानं काट्यावर दोनदा बोट वाजवून पाहिलं, अडकला तर नाही ना.

दहा वाजले. अकरा. तोंबोमामा सावली सरकली तशी टोपल्या सरकवत होता. पानांवर पाणी शिंपडून शिंपडून दोन घागरी रिकाम्या झाल्या. बारा वाजून गेल्यावर कुणीतरी म्हणालं, धूळ. मग इंजिनाचा आवाज आला.

रासेता उतरला, त्यानं बुटांकडे पाहिलं आणि मागचं फळकं उघडलं. दोन पोरगेले हमाल क्रेट खाली ठेवू लागले. आठ, नऊ, दहा. सुआझारा मोजत होती. अकरा, बारा. ते थांबले नाहीत. वीस क्रेट वाळूवर आले तेव्हा ती म्हणाली, “साहेब, हे काय?”

“हो म्हणाले साहेब. पंधरा दिवसांतून एकदा. तुमचा मरणाचा हिशोब त्यांना पटला.”

मागे आरडाओरडा झाला. वेलुनानं कुणाला तरी मिठी मारली. सुआझारा हलली नाही.

“आणि वीस क्रेट?”

“आठवड्याला दोनशे, तर पंधरवड्याला चारशे. सरळ आहे.”

“दोनशे एकतीस आहेत.”

“आजची खेप धरत नाही. नवी व्यवस्था आहे. पण पुढे तीनदा...” त्यानं वाक्य पुरं केलं नाही. त्याला स्वतःलाही ते आवडत नसावं. “बाई, मी बोललो तुमच्या बाजूनं. खरंच बोललो.”

बारा क्रेट भरले, ट्रकवर चढले. उरलेले आठ त्यानं परत नेले नाहीत. “राहू देत इथंच,” तो म्हणाला. “पुढच्या खेपेला भरून तयार ठेवा.”

ट्रक गेला. हिरवे, धुतलेले आठ क्रेट छपराखाली एकावर एक उभे होते. लोक पांगले नाहीत. जो तो त्यांच्याकडे बघत होता. झाफीनं सगळ्यांत वरच्या क्रेटवर टिचकी मारली.

“ताई,” तो म्हणाला. त्यात ‘मापवाल्या’ नव्हतं. “भांगात दोनच दिवस गेलं तर? दोनच.”

“भांगात कुणी जाणार नाही.”

“आणि तीनदा कमी पडले तर?”

“तीन खेपा म्हणजे दीड महिना आहे.”

“दीड महिन्यात खेकडे दुप्पट होतात?”

“नाही.”

“मग?”

“तोपर्यंत जास्त नाही, पण जड होतील. कंपनीला दाखवायला काहीतरी असेल.” आपल्याच आवाजावर तिचा पुरता विश्वास बसला नाही, आणि झाफीलाही ते कळलं असणार.

रिकामे क्रेट रोज येता-जाता डोळ्यांसमोर असले तर कुणीतरी ते भरणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. तिनं आठही क्रेट एकात एक अडकवले, खालून हात घालून उचलले आणि घराकडे नेऊ लागली. ते हलके होते. फक्त चळत डोळ्यांच्या वर जात होती, त्यामुळे पुढची वाट दिसत नव्हती. ती पायांनी चाचपत चालली.

“डावीकडे खड्डा आहे,” मागून झाफी ओरडला.

तिनं पाऊल उजवीकडे टाकलं.